कांदा बंद होता तेव्हा मॉरिशसला बाराशे टन कसा गेला? हा देश आपला कोण लागतो?

द्राक्ष_कांदा_आणि_मी (निफाड), १३ मार्च २०२५, रात्री १०:४०

काल-परवा टीव्हीवर आपले पंतप्रधान मॉरिशसला गेलेले दाखवत होते, तिकडच्या राष्ट्रीय दिनाला पाहुणे म्हणून. विमानातून उतरून हॉटेलवर आले तर बायका साड्या नेसून ढोलकीवर भोजपुरी गाणी म्हणत होत्या. आई म्हणली हे बिहारात कधी गेले? म्हणलं बिहार नाही आई, समुद्रातलं बेट ए ते, आफ्रिकेच्या बाजूला. मग बायका आपल्यासारख्या कशा काय म्हणे. आता काय सांगणार.

पण मॉरिशस नाव ऐकलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी लागली तेव्हा माझा लाल कांदा काढून शेतात पडलेला होता. लाल कांदा कांदाचाळीत साठवून टिकत नाही, निफाड-चांदवडवाल्यांना सांगायला नको. लिलाव बंद, चांदवडला हायवेवर रास्ता रोको, आणि नंतर जो भाव निघाला त्यात गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, तर कोणी हातच लावेना. पिकअपचं भाडं खिशातून दिलं. आणि मग फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये सरकारने बंदी तशीच ठेवून काही देशांना थोडा थोडा कांदा सोडला. बांगलादेश ५०,००० टन, बहारीन ३,०००, मॉरिशस १,२००, भूतानला साडेपाचशेच्या आसपास. बांगलादेश समजू शकतो, शेजारी. भूतान पण शेजारी. बहारीनमध्ये आपली माणसं कामाला आहेत. मॉरिशस? ह्यांनी काय पुण्य केलं होतं? आपल्याच शेतकऱ्याला जगात कुठंही विकायला बंदी आणि ह्या एका बेटाला फोन केल्याबरोबर कांदा.

माझा साधा प्रश्न आहे, हा देश आपला कोण लागतो? टोमणा नाही, खरंच विचारतोय.

नकाशावाला (नाशिक), १३ मार्च, रात्री ११:०५

भाऊ आधी हिशोब करू. १२०० टन म्हणजे बारा लाख किलो. मॉरिशसची लोकसंख्या साधारण साडेबारा लाख. म्हणजे माणशी किलोभर पण नाही. २०११ च्या जनगणनेत आपलं नाशिक शहरच १४ लाख ८६ हजार होतं. क्षेत्रफळ म्हणाल तर सगळा देश दोन हजार चौरस किमी, आपला जिल्हा पंधरा हजारांच्या वर. लासलगावात चांगल्या दिवशी एका दिवसात बारा हजार क्विंटलपेक्षा, म्हणजे बाराशे टनांपेक्षा, जास्त कांदा येतो. तर तुमचा भाव मॉरिशसने पाडला नाही आणि चढवलाही नसता.

आता कोण लागतो ते. हिंदी महासागराचा नकाशा काढा आणि मॉरिशसवर बोट ठेवा, उत्तर मिळेल.

द्राक्ष_कांदा_आणि_मी, १३ मार्च, रात्री ११:२०

हिशोब मला पण येतो. बारा हजार क्विंटल म्हणजे आमच्या गावातल्या किती जणांचं सोसायटीचं कर्ज फिटलं असतं ते पण सांगा ना.

गोदाकाठी (पंचवटी), १४ मार्च, सकाळी ७:१५

नकाशाच्या आधी इतिहास. ३१ वर्षं शाळेत हाच विषय शिकवलाय त्यामुळे थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

मॉरिशस आधी डचांकडे होतं, मग १७१५ पासून फ्रेंचांकडे, १८१० ला इंग्रजांनी जिंकलं. ऊस आणि साखर हाच धंदा, आणि उसात राबायला आफ्रिका-मादागास्करहून आणलेले गुलाम. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथे गुलामगिरी कायद्याने बंद झाली. गुलाम सुटणार हे मळेवाल्यांना आधीच कळलं होतं, मग उसात जायचं कोणी? इंग्रज सरकारने तोडगा काढला की हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायचे. २ नोव्हेंबर १८३४ ला कलकत्त्याहून ॲटलस नावाचं जहाज ३६ मजुरांना घेऊन पोर्ट लुईला, म्हणजे तिथल्या राजधानीच्या बंदराला, लागलं, छोटा नागपूरकडचे डोंगरी लोक होते ते. करार पाच वर्षांचा, पगार महिन्याला पाच रुपये, वर तांदूळ, डाळ, तेल-मीठ. आणि पुढे नियमच असा झाला की एक दिवस खाडा केला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. माणूस आठ दिवस तापाने पडला तर सोळा दिवस फुकट गेले. हे मी वर्गात सांगायचे तेव्हा ऊसतोडीवरून आलेली पोरं हसायची नाहीत, बाकीची हसायची.

पुढे साडेचार लाखांच्या घरात माणसं तिथे उतरली. काही परतली, बरीचशी तिथेच राहिली, कारण फुकट परतीचं तिकीट १८५० नंतर काढूनच घेतलं. जिथे उतरवायचे त्या जागेला कुली घाट म्हणायचे, आता अप्रवासी घाट. २००६ पासून युनेस्कोच्या यादीत आहे. धक्क्यावरून वर जायला दगडी पायऱ्या आहेत. २ नोव्हेंबरला तिथे आजही सार्वजनिक सुट्टी असते.

म्हणजे तुमच्या आईंचा प्रश्न अगदी बरोबर होता. बायका आपल्यासारख्या दिसतात कारण दहातली जवळजवळ सात माणसं मूळची इथलीच आहेत.

रत्नांग्रीचा_पाव्हणा (अंबड एमआयडीसी), १४ मार्च, सकाळी ९:४०

मॅडम सगळे बिहारी नाहीत हां. आमच्या रत्नागिरीतून पण गेलेत, मुंबई बंदरातून. आमच्याच घरातला एक.

माझी पणजी मी सातवीत असेपर्यंत होती. ती साखरेला साखर म्हणायचीच नाही, मोरस म्हणायची. "चायत मोरस घाल रे." पूर्वी मॉरिशसची पांढरी साखर यायची म्हणून मोरस, हे मला फार नंतर कळलं, गुजरातीत तर अजून मोरसच म्हणतात. आणि तिच्याच तोंडून दुसरं ऐकलेलं, की तिच्या सासऱ्याचा मोठा भाऊ मोरसात गेला तो परत आलाच नाही. मी लहानपणी खरंच समजायचो की तो माणूस साखरेच्या डब्यात पडला. डब्याचं झाकण उघडून बघायचो. हसू नका.

घरात त्याचं एवढंच शिल्लक आहे, नाव आणि "मोरसात गेला". पानात त्याच्या नावाने एक घास वेगळा काढतात पितृपक्षात, गेल्याची तिथी माहीत नाही म्हणून सर्वपित्रीला.

पंचवटी_टुरिस्ट, १४ मार्च, दुपारी १:३०

पाव्हणं तुमचं वाचलं आणि एक आठवलं. मी गाडी चालवतो, त्र्यंबक शिर्डी वणी. पाच-सहा वर्षांपूर्वी एक फॅमिली ओझर एअरपोर्टवरून उचलली, पासपोर्ट मॉरिशसचा, म्हातारे गृहस्थ, त्यांची मिसेस आणि मुलगा. आपसात फ्रेंचसारखं काहीतरी बोलायचे, माझ्याशी हिंदी, पण पुस्तकातलं हिंदी, "कृपया गाड़ी रोकिए" असं. त्र्यंबकला पितरांचं काहीतरी करायचं होतं.

गुरुजींकडे बसले. गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं गाव कोणतं, गोत्र कोणतं, आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव. आपल्याकडे त्या जुन्या वह्या असतात ना, गावावरून काढतात आणि सात पिढ्या वाचून दाखवतात. म्हाताऱ्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या फोल्डरमधला एक कागद काढला. झेरॉक्स. त्यावर सगळ्यात वर एक नंबर. सहा आकडी. म्हणले हमारे परदादा का यही है. गुरुजी दोन मिनटं कागद बघत राहिले. मग म्हणले नंबर नको, नाव वाचा. नाव इंग्रजीत होतं आणि ते इतकं वाकडं लिहिलेलं की पोराने तीन प्रकारे वाचलं. गुरुजींनी त्यातलं एक सरळ करून घेतलं, गोत्र माहीत नाही म्हणून काश्यप गोत्र म्हणले आणि संकल्प सोडला. म्हाताऱ्याचा हात इतका थरथरत होता की पळी ताम्हणात वाजत होती.

येताना पेगलवाडीपाशी चहा पाजला मी त्यांना. त्यांनीच पैसे दिले, ऐकेनात.

कांद्याचं मला काही माहीत नाही दादा. पण कोण लागतो विचारलं म्हणून सांगितलं.

द्राक्ष_कांदा_आणि_मी, १४ मार्च, दुपारी २:१०

वाचून गप्प बसलो दोन मिनटं. पण भो, हे माणसामाणसाचं झालं. सरकार असं पळी वाजली म्हणून कांदा सोडत नसतं.

पोर्टलुई_परत (इंदिरानगर), १४ मार्च, संध्याकाळी ६:५०

तीन वर्षं मॉरिशसच्या एबेन सायबरसिटीत, म्हणजे तिकडच्या आयटी पार्कात, काढली आहेत, तिथला सायबर टॉवर पण आपल्या सरकारच्या कर्जावर उभा राहिलाय. काही गोष्टी जवळून बघितल्या त्या सांगतो, कारण इकडून गेलेला माणूस तिकडे पहिल्या आठवड्यात जी चूक करतो तीच या धाग्यावर सुरू झालीय, ती म्हणजे "आपली माणसं".

ते आपली माणसं नाहीत, मॉरिशसची आहेत. माझ्या ऑफिसातला एक जण मराठी घरातला. आडनाव वाचून कळलं. तिकडे आडनाव म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या आलेल्या पूर्वजाचं साधं नाव, कारकुनाने कानाला जसं लागलं तसं लिहिलेलं. मी पहिल्याच दिवशी त्याला मराठीत "कसे आहात" म्हणलं, तो क्रिओलमध्ये, म्हणजे तिकडच्या फ्रेंचवरून आलेल्या बोलीत, म्हणाला "की मान्येर". घरात क्रिओल, ऑफिसात इंग्रजी, पेपर फ्रेंच. पण शाळेत त्याने मराठी विषय घेतला होता, सरकारी शाळेत असतो तिकडे, आणि गणपतीत मी त्यांच्या घरी गेलो तर आख्खी सुखकर्ता दुखहर्ता पाठ, माझ्यापेक्षा दोन कडवी जास्त. गणेश चतुर्थीची देशभर सुट्टी असते. रात्री झाकरी झाली. गोल करून, पायाचा ठेका धरून, मधे ढोलकीवाला. पाव्हणे, तुमच्या जाखडीचीच बहीण आहे ती. गाण्याचे शब्द त्यांना स्वतःला निम्मे कळत नव्हते, मलाही नाही, काही शब्द इतके जुने की कोकणातल्या म्हाताऱ्यालाच विचारावे लागतील.

तर त्याला मी एकदा विचारलं, भारत म्हणजे तुला काय वाटतं. म्हणाला तुझ्यासाठी तुझी पणजी जी आहे ती. मान आहे, पण तिच्या घरी राहायला नाही जायचं मला.

आणि एक, तिकडे पण भारतीय म्हणजे एक गठ्ठा नाही. हिंदी-भोजपुरीवाले वेगळे, तमिळ वेगळे, तेलुगू वेगळे, मराठी वेगळे, मुसलमान वेगळे. १९९८ ला नवीन नोटा काढल्या त्यात तमिळ अक्षरं हिंदीच्या खाली गेली म्हणून एवढा गदारोळ झाला की नोटा परत घ्यायला लागल्या.

नाशिकरोड_जुना, १४ मार्च, संध्याकाळी ७:३०

नोटा परत घेतल्या? छापलेल्या? बाप रे. आम्ही नोटांच्या प्रेसच्या गेटसमोर वाढलेली माणसं, हे ऐकून पोटात गोळा आला.

सीए_गंगापूररोड, १४ मार्च, रात्री ९:१५

भावनिक चर्चा चालू द्या, मी पैशाचं सांगतो. मॉरिशस आपला कोण लागतो तर बरीच वर्षं भारतात सगळ्यात जास्त परदेशी गुंतवणूक कागदोपत्री तिथूनच यायची. साडेबारा लाखांच्या बेटावरून. कशी? १९८२ चा दुहेरी कर टाळायचा करार. त्यात असं होतं की मॉरिशसच्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो कर लावतच नव्हतं. मग अमेरिकेचा पैसा असो नाहीतर मुंबईचाच फिरून आलेला असो, पोर्ट लुईला एक पत्ता घ्यायचा आणि तिथून यायचं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००३ मध्ये कोर्टाने करार वैध धरला. शेवटी मे २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवरच्या नफ्यावर आता आपण कर लावतो.

आता बघा, एवढी वर्षं आपण आपला कर सोडून दिला एका देशासाठी. वाटाघाटीला बसलं की दर वेळी तेच, जुने संबंध आहेत, त्यांची अर्थव्यवस्था अवलंबून आहे, दुखवायचं कसं. बाराशे टन कांदा त्यापुढे चिल्लर आहे.

द्राक्ष_कांदा_आणि_मी, १४ मार्च, रात्री ९:४०

म्हणजे शेअरवाल्याला सूट पस्तीस वर्षं आणि मला बंदी रातोरात. लिहून ठेवतो.

सीए_गंगापूररोड, १४ मार्च, रात्री ९:४५

😀 याला माझ्याकडे उत्तर नाही साहेब.

नकाशावाला, १५ मार्च, सकाळी ८:२०

आता माझं ऐका, परवा अर्धवट सोडलं होतं. मॉरिशसच्या उत्तरेला ११०० किमीवर अगालेगा नावाची दोन चिमुकली बेटं आहेत, त्यांचीच. वस्ती साधारण तीनशे. तिथे भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेटी बांधून दिली, २०१५ ला करार, २९ फेब्रुवारी २०२४ ला उद्घाटन. तीनशे माणसांना तीन किलोमीटरची धावपट्टी. तुम्हीच समजा. दोन्ही सरकारं म्हणतात लष्करी तळ नाही. आणि ती तारीख बघा, तुमचा कांदा सुटला त्याच आसपासची.

अजून. मॉरिशसचा राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार वर्षानुवर्षं भारतीय अधिकारी असतो. त्यांच्या तटरक्षक दलाचं बाराकुडा जहाज कोलकात्यात बांधलं. जुलै २०२० ला वाकाशिओ जहाज त्यांच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये तेल सांडलं तर आपण ३० टन सामान आणि दहा जणांचं तटरक्षक पथक विमानाने पाठवलं. मेट्रोला आपले पैसे, सुप्रीम कोर्टाच्या इमारतीला आपले पैसे. १९८३ ची गोष्ट तर बऱ्याच जणांना माहीत नसते, तिथलं सरकार डळमळलं तेव्हा इंदिरा गांधींनी नौदल आणि सैन्य पाठवायची तयारी केली होती, ऑपरेशन लाल दोरा. शेवटी बोलणी करून निभावलं, जहाजं गेली नाहीत. घाटावरच्या पायऱ्या आणि पितर वगैरे ठीक आहे, पण चीनचं जहाज फिरायला लागलं की सगळ्यांना नाती आठवतात.

भोंगा_सातपूर, १५ मार्च, सकाळी ९:०२

हे सगळं २०१४ नंतर झालं, आधीच्या लोकांना मॉरिशस फक्त हनिमूनला माहीत होतं

गोदाकाठी, १५ मार्च, सकाळी ९:३०

बाळ, वरची पोस्ट तरी वाच, १९८३ लिहिलंय. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटची पायाभरणी १९७० ला इंदिरा गांधींनी केली. त्याही आधी, गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परत येताना जहाज थांबलं म्हणून दोनेक आठवडे तिथे राहिले, लोकांना म्हणाले मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला. १९०७ मध्ये मणिलाल डॉक्टर नावाचे वकील तिथे मजुरांचे खटले लढायला गेले. आणि मॉरिशसचा स्वातंत्र्यदिन १२ मार्च १९६८, ती तारीख दांडीयात्रेची म्हणून निवडली. एका पक्षाने एका दिवसात केलेलं नाही हे.

भोंगा_सातपूर, १५ मार्च, सकाळी ९:४१

बरं मॅडम

संपादक, १५ मार्च, सकाळी १०:००

पक्षांचं इथेच थांबवा. मधल्या चार प्रतिक्रिया उडवल्या आहेत. कांदा आणि मॉरिशस चालू द्या.

पोर्टलुई_परत, १५ मार्च, दुपारी १२:१५

नकाशावाले, तुमचं चूक नाही पण एकतर्फी आहे. फक्त समुद्र पाहिजे असता तर तिथे बसायला अमेरिका, फ्रान्स, इंग्लंड सगळेच तयार आहेत, फ्रेंचांचं रियुनियन बेट तर शेजारी आहे. धावपट्टी कोणाला बांधू द्यायची हे ठरवताना तिथला मंत्री पुढच्या निवडणुकीत मत देणाऱ्याचा विचार करतो, आणि त्या मतदाराच्या पणजोबाचा तो नंबरवाला उतरल्याचा कागद मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये असतो. त्यामुळे दरवाजा उघडतो. आत काय सामान न्यायचं ते नंतर.

आणि उलट पण आहे. अगालेगाबद्दल मॉरिशसमध्येच लोक विचारतात, हे काय चाललंय, आम्हाला दाखवा. त्यात आपल्या मूळचे लोक पण आहेत. माझा तो ऑफिसवाला सगळ्यात पुढे.

चागोस माहीत आहे का? मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये इंग्रजांनी ती बेटं तोडून घेतली, डिएगो गार्सिया अमेरिकेला तळासाठी दिलं आणि तिथल्या दीड-दोन हजार माणसांना १९७३ पर्यंत बोटीत घालून मॉरिशस-सेशेल्सला सोडलं. मॉरिशस ती बेटं परत मागतंय आणि भारत सतत त्यांच्या बाजूने उभा आहे, २०१९ मध्ये युनोत ११६ विरुद्ध ६ मतं पडली त्यात आपलं मत मॉरिशसला. हे मत त्यांच्या लक्षात असतं. पोर्ट लुईच्या टॅक्सीवाल्याने मला त्यावरून भाड्यात सूट दिलीय. खरंच.

द्राक्ष_कांदा_आणि_मी, १५ मार्च, रात्री ८:३०

दिवसभर बागेत होतो, द्राक्ष काढणी चालू आहे, आत्ता सगळं वाचलं.

पटलं बरंचसं. आधी वाटलं होतं कोणीतरी वशिला लावला असेल. आता कळतं की वशिलाच होता पण दोनशे वर्षांचा. माझं म्हणणं तरी एक राहतंच. त्या देशाशी संबंध सांभाळायचे तर सांभाळा ना, मी कुठं नाही म्हणतोय, पण सांभाळायचा खर्च कोणाच्या नावावर टाकला? सरकारी माध्यमातूनच कांदा जाणार, म्हणजे तिकडच्या गिऱ्हाईकाने इकडच्या व्यापाऱ्याला भाव विचारायचाच नाही. मी लासलगावला वक्कल (विकायला आणलेला माल) घेऊन उभा, माझ्याच ट्रॅक्टरशेजारून न्हावा शेवाला कंटेनर जाणार, आणि मला भाव देशी बाजाराचा. आत्ता पण २० टक्के निर्यात ड्युटी आहेच.

बाकी टॅक्सीवाल्याने सूट दिली ती कांद्यावर पण मिळते का विचारा एकदा.

कळवण_कन्या, १६ मार्च, सकाळी ७:५०

दादा एक शंका. त्यांच्याकडे कांदा होत नाही का? एवढा ऊस होतो तर कांदा का नाही?

पोर्टलुई_परत, १६ मार्च, सकाळी ९:१०

होतो ताई पण पुरत नाही. जमीन थोडी, चांगली जमीन दोनशे वर्षं उसाखाली, वर चक्रीवादळं. तांदूळ, पीठ, डाळ, कांदा, बटाटा सगळं बोटीने येतं. भारताने बंदी घातली की तिकडे दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी. आणि कांद्याशिवाय चालतच नाही, तिकडचा रस्त्यावरचा वडापाव म्हणजे ढोलपुरी, चण्याच्या डाळीचं पुरण भरलेली पातळ पोळी, तिखट, आत घेवड्याची भाजी आणि टोमॅटो-कांद्याचा रुगाय. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा जीभ गुळाची वाट बघत होती.

पंचवटी_टुरिस्ट, १६ मार्च, सकाळी ९:३०

पुरणपोळी तिखट? 😂 आमच्या मिसळीला नावं ठेवतात लोक

द्राक्ष_कांदा_आणि_मी, २२ मार्च, रात्री ११:३०

धागा वर आणतो. ड्युटी काढली, १ एप्रिलपासून शून्य. आता उन्हाळ कांदा यायच्या तोंडावर काढलीय, भाव बसल्यावर. असो. पेढे नाही वाटणार पण चहा पाजतो, निफाडला या.

नकाशावाला, २३ मे, सकाळी ८:००

काल लंडन आणि पोर्ट लुईने चागोसच्या करारावर सह्या केल्या. बेटं मॉरिशसची, डिएगो गार्सिया ९९ वर्षं भाड्याने परत इंग्रजांकडेच, म्हणजे अमेरिकेकडेच. भारताने लगेच स्वागत केलं.

गोदाकाठी, २३ मे, सकाळी ८:४०

आणि जे बोटीत घालून नेले होते त्यांना कोणी विचारलं का? कराराच्या टेबलावर त्यांची खुर्ची दिसली नाही मला.

रत्नांग्रीचा_पाव्हणा, ८ जून, दुपारी ४:२०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी. पोर्टलुई भाऊंनी आडनावाचं सांगितलं होतं ना, की तिकडे आडनाव म्हणजे पूर्वजाचं नाव. मी आमच्या त्या मोरसवाल्याचं नाव आडनाव म्हणून फेसबुकवर टाकलं, इंग्रजीत पाच-सहा स्पेलिंग करून. मॉरिशसचे चाळीसेक लोक निघाले. सगळ्यांना मेसेज केला, बायको म्हणाली लोक तुम्हाला फ्रॉड समजतील. समजलेच. दोघांनी ब्लॉक केलं.

पण काल एका बाईंचं उत्तर आलं. शिक्षिका आहेत. त्यांना गाव वगैरे काही माहीत नाही, पण मोका इथल्या इन्स्टिट्यूटमधून काढलेल्या कागदाचा फोटो पाठवलाय. नंबर, बापाचं नाव, वय २२, उंची, जहाज, डाव्या भुवईवर व्रण. जिल्हा रत्नागिरी स्पष्ट वाचता येतंय. बापाचं नाव आमच्या वंशावळीत आहे, पण ते नाव कोकणात दर दुसऱ्या घरात असतं. सगळं अडलंय गावाच्या नावावर. नाव-नंबर झाकून फक्त गावाची ओळ खाली चिकटवतोय, जुनं इंग्रजी अक्षर आहे. मला पहिलं अक्षर व वाटतं. आमचं गाव व वरूनच आहे. पण मला तसं वाटणारच ना, म्हणून तुम्ही बघा.

गोदाकाठी, ८ जून, दुपारी ४:५५

व किंवा न. शेवटी 'गाव' नाही वाटत मला, 'ल' किंवा 'ळ' वाटतोय. वाटूळ तर नाही ना? राजापूरकडचं?

सीए_गंगापूररोड, ८ जून, संध्याकाळी ५:१०

मला प दिसतोय. आमच्या कारकुनाला दाखवलं, तो ब म्हणतो.

पंचवटी_टुरिस्ट, ८ जून, संध्याकाळी ५:३५

त्र्यंबकच्या गुरुजींना दाखवू का? त्यांना असली अक्षरं वाचायची सवय आहे

द्राक्ष_कांदा_आणि_मी, ८ जून, संध्याकाळी ७:०५

पाव्हणं फोटो मोठा करून टाका ना, शेतात रेंज कमी आहे, नुसतं धुकं दिसतंय. आई पण चष्मा लावून बसलीय शेजारी.